चौथी की पाचवी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. तुम्ही म्हणजे कोणी एक जण नाही. ऑफिसात डबा उघडला की विचारता, सोसायटीच्या बाकावर विचारता, आणि आमच्या चुलतदादाने तर मागच्या नाताळात जेवणाला बसल्यापासून पान उचलेपर्यंत दुसरं काही विचारलंच नाही. प्रश्न एकच असतो. "तुमचं म्हणणं काय, ख्रिस्ताने नियमशास्त्र तुमच्या वतीने पूर्ण केलं. बरं. मग आता तुम्ही काहीही केलं तरी चालतं का?" (नियमशास्त्र म्हणजे देवाने मोशेच्या हातून दिलेलं, दहा आज्ञा धरून.)

हसत विचारता त्याचं काही नाही, उत्तर ऐकायला कोणी थांबत नाही याचा राग येतो. मी "नाही हो, तसं नाही" म्हणेपर्यंत विषय पार्किंगवर गेलेला असतो. तर आता जरा थांबा.

दादाचा राग वेगळा. तो गेली काही वर्षं एका नवीन फेलोशिपला जातो, शनिवार पाळतो, पोर्क सोडलंय, आणि मला सांगतो की तुम्ही ल्युथरवाले (म्हणजे सोळाव्या शतकातल्या मार्टिन ल्युथर या जर्मन धर्मसुधारकाला मानणारे) आज्ञा मोडायची सोय करून ठेवलीये. ऑफिसातले अकाउंट्सचे सर सदाशिव पेठेतले, ते म्हणतात तुमचं बरंय, प्रायश्चित्ताची भानगडच नाही. मी त्यांना म्हटलं सर, प्रायश्चित्ताचं तुम्ही मला सांगता, १८९० साली याच पुण्यात पंचहौद मिशनमध्ये लोक व्याख्यानाला गेले, चहा-बिस्किटं पुढे आली, गोपाळराव जोशींनी नावं छापून आणली आणि त्या कपभर चहापायी टिळक-रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. म्हणजे एक कप चहा माणसाला किती महाग पडू शकतो ते तुमच्या पेठेला पाठ आहे. ते म्हणाले, "तेच म्हणतोय मी, तुम्ही सुटलात." सुटलात! हा शब्द मला फार लागतो. सुटलोय असं मला एक दिवस तरी वाटायला हवं होतं.

आता आमचं ल्युथर प्रकरण. पुण्यात मराठी ल्युथरन देऊळ मला तरी कधी सापडलं नाही, आम्ही कॅम्पातल्या सीएनआयच्या, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या देवळात जातो, बाप्तिस्मा तिथला, दृढीकरण तिथलं. ल्युथर आला तो आईच्या ट्रंकेतून. आई छिंदवाड्याची, म्हणजे मूळ सौंसरकडची, तिकडे स्वीडनच्या मिशनरींनी उभं केलेलं ल्युथरन चर्च आहे. १९७० साली नागपुरात सहा चर्चं एकत्र येऊन सीएनआय झालं, त्यात ते नव्हते. वडील नगरचे, खडकीच्या दारुगोळा कारखान्यात होते. लग्न होऊन आई पुण्यात आली ती ट्रंकेत ल्युथरची छोटी प्रश्नोत्तरी घेऊन, हिंदीतली, पिवळी पडलेली. मूळ १५२९ सालची. त्यात एकेक आज्ञा घेतात आणि लगेच खाली प्रश्न असतो: इसका अर्थ क्या है? आणि उत्तर दर वेळी एकाच ओळीने सुरू होतं, की आपण देवाचं भय धरावं आणि त्याच्यावर प्रीती करावी. आई स्वयंपाक करताना आमच्याकडून म्हणून घ्यायची. घरात मराठी, शाळेत मराठी, देवळात मराठी, आणि दहा आज्ञा मात्र हिंदीत.

त्यातून एक घोळ झाला. संडेस्कूलच्या परीक्षेत प्रश्न होता, "आपल्या आईबापाचा मान राख" ही कितवी आज्ञा. मी लिहिलं चौथी. चूक. बाईंनी लाल पेनने पाच केलं. घरी रडलो. आई तशीच पदर खोचून देवळात गेली आणि बाईंना म्हणाली, आमच्यात चौथीच आहे. बाई म्हणाल्या, बायबल काय तुमचं वेगळं आहे का. तसं कोणाचंच चुकत नव्हतं. मूर्ती करू नको ही आज्ञा ल्युथरने जुन्या, संत ऑगस्टीनच्या मोजणीप्रमाणे पहिलीतच धरली, कॅथलिकही तसंच मोजतात, बाकीचे प्रोटेस्टंट ती वेगळी काढतात, त्यामुळे पुढचे सगळे आकडे एकाने सरकतात. शेवटी दहा व्हावेत म्हणून आमच्याकडे लोभाच्या दोन होतात. मार्क काही वाढले नाहीत. पण घरात चौथी ती चौथीच राहिली. हे आत्ता सांगून ठेवतोय कारण पुढे लागणार आहे.

मुद्द्यावर येतो. मी कम्प्लायन्स बघतो, भोसरीतल्या एका कारखान्यात. कंत्राटी कामगारांचा पीएफ, ईएसआयसी, रजिस्टरं, रिटर्न. १५ तारखेच्या आत चलन गेलं पाहिजे, म्हणजे रक्कम भरली गेली पाहिजे, नाही गेलं तर व्याज आणि वर दंड वेगळा. तर लंचला एक जण म्हणाला, "म्हणजे येशूने तुझं चलन भरलं." सगळे हसले, मीही हसलो. वाईट नाहीये ते. पण अर्धंच आहे, आणि गंमत अशी की आमचे देवळातले लोकसुद्धा अर्ध्यावरच थांबतात. ख्रिस्त आमच्या पापांसाठी मेला, दंड भरला, संपलं. अहो, दंड भरला म्हणून रजिस्टर भरत नाही. दंड माफ झालेल्या कंपनीचं रजिस्टर कोरंच असतं, इन्स्पेक्टर आला की काय दाखवणार? ल्युथरनांनी १५७७ साली जे कबुलीपत्र केलं त्याच्या तिसऱ्या कलमात हे नीट मांडलंय: ख्रिस्ताचं मरणच नुसतं नाही, त्याचं जगणंही, नियमशास्त्राखाली जन्मल्यापासून शेवटच्या श्वासापर्यंतचं त्याचं सगळं आज्ञापालन विश्वास ठेवणाऱ्याच्या नावावर धरलं जातं. म्हणजे दंड तर भरलाच, वर जन्मभराची रिटर्न्सही वेळेवर भरलेली, आणि भरताना नाव टाकलंय माझं.

म्हणून मला शुभवर्तमानातल्या त्या बारीकसारीक गोष्टी आवडतात ज्यांच्यावर कोणी प्रवचन करत नाही. आठव्या दिवशी सुंता. मंदिरात पारव्यांचं अर्पण, म्हणजे गरिबांचं, ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांचं. बारा वर्षांचा झाल्यावर नासरेथला परत जाऊन आईबापाच्या आज्ञेत राहणं. आणि माझी लाडकी गोष्ट, मत्तयाच्या १७व्या अध्यायातली, मंदिराच्या कराची. वसुलीवाले येशूच्या शिष्याला, पेत्राला विचारतात, तुमचा गुरू कर भरत नाही का? (हा प्रश्न मी दर महिन्याला ऐकतो.) येशू घरात पेत्राला म्हणतो, राजे कर कोणाकडून घेतात, मुलांकडून की परक्यांकडून? म्हणजे मुलं मोकळी. तरीपण जा, गळ टाक, जो पहिला मासा येईल त्याच्या तोंडात नाणं सापडेल, ते घे आणि "माझ्याबद्दल व तुझ्याबद्दल" त्यांना दे. लोक माशापाशी अडकतात, मी नाण्यापाशी अडकतो. कर डोईमागे दोन द्राख्मा, आणि नाणं निघालं चारचं. त्याला कर लागूच नव्हता, तरी त्याने भरला, आणि त्याच नाण्यात पेत्राचाही भरला. पेत्राने वेगळं चलन भरलेलं नाही.

"नियमशास्त्र रद्द करण्यास मी आलो आहे असे समजू नका, मी रद्द करण्यास नव्हे तर पूर्ण करण्यास आलो आहे." दादा हे वाक्य माझ्या विरोधात वापरतो. मी म्हणतो दादा, कर्ता बघ ना वाक्यातला. कोण आलोय म्हणतोय? मी. तू नाहीस. ह्यावर तो म्हणतो तू शब्दांचा खेळ करतोस. असेल.

आणि "काहीही केलं तर चालतं का" हे काही तुम्हीच पहिल्यांदा विचारलेलं नाही, प्रेषित पौलाने स्वतःच विचारून ठेवलंय बायबलमधल्या रोमकरांच्या पत्रात, कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं का, आणि स्वतःच म्हणतो, कधीच नाही. ल्युथरच्या हयातीत त्याचाच मित्र आग्रिकोला म्हणायला लागला की दहा आज्ञांची जागा कोर्टात, व्यासपीठावर नाही. त्याच्याशी ल्युथर १५३७ पासून पुढे दोनतीन वर्षं भांडला. कारण नियमशास्त्र काढून घेतलं तर माणसाला आपण आजारीच आहोत हे कळणार कसं. ल्युथरचा सहकारी मेलांख्थोन, त्याने १५३१ मध्ये लिहून ठेवलंय की नियमशास्त्र नेहमी दोषी ठरवतं. नेहमी. तुम्हाला वाटतं आम्ही तो आरसा फोडलाय. तो आमच्या बाथरूममध्ये लावलेला आहे हो, सकाळ-संध्याकाळ.

हे सगळं मला तिशीतच येत होतं. तरुणसंघाच्या शिबिरात मी ह्यावर तास घेतला होता, कार्डपेपरवर निळ्या स्केचपेनने तीन रकाने काढून: लगाम, आरसा, पट्टी. नियमशास्त्राचे तीन उपयोग. लगाम माणसाला आवरायला, आरसा पाप दाखवायला, पट्टी कसं जगायचं ते आखायला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तो तक्ता अजून माळ्यावर आहे. त्या तिशीतल्या माणसाला भेटलो तर म्हणेन, तुझी एकही ओळ चुकलेली नाही आणि तुला काडीचं कळलेलं नाही. तो म्हणेल, मग आता तुला काय जास्त कळलंय? आणि तिथे मी गप्प बसेन, कारण ओळी अजून त्याच आहेत.

आता जे सांगायचं टाळतोय ते सांगतो.

२०१८. त्या वर्षी गुड फ्रायडे ३० मार्चला आला, म्हणजे दुःखसहनाचा आठवडा आणि मार्च एण्ड एकमेकांच्या उरावर. आई ८१ वर्षांची, तीन वर्षांपासून विसरत चाललेली. आधी नावं गेली, मग वेळ गेली, मग मी गेलो. म्हणजे मी कोण ते. कधी मला भाऊसाहेब म्हणायची, कधी कंडक्टर. राहिली ती प्रश्नोत्तरी. सगळी नाही, फक्त तो प्रश्न. कशाकडेही बोट दाखवायची, पंखा, वाटी, माझा चष्मा, आणि विचारायची, "इसका अर्थ क्या है?" सुरुवातीला आम्हाला हसू यायचं. मुलगी उत्तर पण द्यायची, आजी ह्याचा अर्थ पंखा. दिवसाला शंभर वेळा झाल्यावर हसू येत नाही.

रात्री वाईट जायच्या. दोन-अडीचला उठायची, चादरीत गाठोडं बांधायची, त्यात एक स्टीलचा पेला, टॉवेल, माझा एक मोजा, आणि दाराशी जाऊन कडी काढायला बघायची. छिंदवाड्याची छोटी लाइन चुकेल म्हणायची. ती लाइन तेव्हा उखडलेली होती, ब्रॉडगेजचं काम चालू होतं, पण हे कोणाला सांगणार. आम्ही वडगाव शेरीत तिसऱ्या मजल्यावर, जिना सरळ खाली. बायको नर्स, त्या आठवड्यात तिची सलग नाइट. मी दिवसभर कंत्राटदारांची बिलं आणि चलनं जुळवत होतो आणि रात्री आईची कडी धरत होतो.

बुधवारची रात्र. पावणेतीन वाजलेले, मी मोबाइलमध्ये बघितलं होतं म्हणून माहीत आहे. आई सेफ्टी डोअरची जाळी दोन्ही हातांनी धरून उभी. साडी ओली झालेली, पायाखाली फरशीवर ओघळ, त्यात तिचं गाठोडं. मी म्हटलं आई चल, बदलू या. ती हलेना. मी एकेक बोट सोडवायला लागलो, एक सोडवलं की दुसरं घट्ट. इतकी ताकद कुठून येते म्हाताऱ्या माणसात. मग तिने माझ्याकडे वळून बघितलं, अगदी शांतपणे, शाळेतल्या बाईंसारखं, माझ्या छातीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "इसका अर्थ क्या है?"

मी मारलं.

मी बायकोला सकाळी सांगितलं की हातावर एक चापट बसली, जाळी सोडत नव्हती म्हणून. मामांनाही पुढे हातावरच सांगितलं. पाळकसाहेबांनाही. हातावर नाही. गालावर. जोरात. तिची मान जाळीवर आपटली आणि जाळी झणझणली, तो आवाज शेजाऱ्यांनी ऐकला असेल असं वाटून मी पहिल्यांदा दाराकडे बघितलं, आईकडे नाही. हा क्रम लक्षात ठेवा. पहिल्यांदा दाराकडे.

मग मागे बघितलं तर आतल्या खोलीच्या दारात मुलगी उभी होती. १४ वर्षांची होती. ती काही बोलली नाही. ती आली, आजीला धरलं, बाथरूममध्ये नेलं, दार लावून घेतलं. आतून पाण्याचा आवाज. मी फडक्याने फरशी पुसली. पुसताना मनात काय होतं सांगू का, मनात होतं की सकाळी नऊला कंत्राटदार येणार आहे.

तुम्ही म्हणाल थकलेला होतास. हो, होतो. तीन रात्री झोप नव्हती, डॉक्टरसुद्धा सांगतात अशा घरात असं होतं. मी स्वतःला हे सगळं सांगून बघितलं आहे, वकील मी वाईट नाही. पण प्रश्नोत्तरीत चौथ्या आज्ञेचा अर्थ आहे ना, त्यात आईबापाला तुच्छ लेखू नये, त्यांना चीड आणू नये, मान द्यावा, सेवा करावी, प्रेमाने वागवावं असं आहे. थकलेले असाल तर सोडून, असं नाही लिहिलेलं.

शुक्रवारी देवळात गेलो. बारा ते तीनची उपासना, क्रुसावरचे सात उद्गार, एकेका उद्गारावर एकेक जण बोलतो. तिसऱ्याला एक निवृत्त गृहस्थ उभे राहिले, चांगले बोलतात, आवाज खणखणीत. "बाई, पाहा, हा तुझा मुलगा. पाहा, ही तुझी आई." ते म्हणाले, बंधुभगिनींनो, हातापायांत खिळे असताना प्रभूला आईची आठवण आहे. आणि आपण? आपण एसीत बसून आईला फोन करत नाही. आज प्रत्येकाने छातीवर हात ठेवून विचारावं. लोकांनी माना हलवल्या, एकदोन बायकांनी डोळे पुसले. मी छातीवर हात नाही ठेवला, तिथे दोन रात्रींपूर्वी कोणाचं तरी बोट होतं. मी उठलो आणि सगळ्यांच्या गुडघ्यांमधून वाट काढत बाहेर आलो.

ईस्ट स्ट्रीटला ऊन मी म्हणत होतं. बेकरीत हॉट क्रॉस बन मांडलेले. मी उपाशी होतो, उपास म्हणून नाही, जात नव्हतं म्हणून. मला त्या गृहस्थांचा राग आला होता आणि ते एकही शब्द खोटं बोलले नव्हते.

घरी आलो तर बायको आईचे केस विंचरत होती. गालावर काही दिसत नव्हतं, सावळा रंग, शिवाय दोन दिवस झालेले. आई म्हणाली, "आलात? बसा." मी बसलो. बायको तेलाची बाटली ठेवायला आत गेली तेवढ्यात मी म्हटलं, आई, मी तुला मारलं. तिने ऐकलं. खरंच ऐकलं, भुवया वर गेल्या. आणि म्हणाली, "इसका अर्थ क्या है?"

मला उत्तर पाठ होतं. हमें परमेश्वर का भय मानना और उससे प्रेम रखना चाहिए... तोंडातून निघालं नाही. मग ती म्हणाली चहा टाका.

ईस्टरला प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, पुढे गेलो नाही. बायकोने विचारलं नाही. त्याच आठवड्यात सुताराला बोलावून सेफ्टी डोअरला वरच्या बाजूला दुसरी कडी लावली, आईचा हात पोचणार नाही अशी. हे आधी का नाही केलं, साडेतीनशे रुपयांचं काम.

मे महिन्यात मामा आले, आईचे धाकटे भाऊ, तिकडेच पाळक होते, निवृत्त. गच्चीवर बसलो होतो, मी त्यांना सांगितलं. हातावर म्हणून. आणि तिसऱ्या उद्गाराला उठून आलो ते पण सांगितलं. मामांची बोली सौंसरची. म्हणाले, "बाबू, तू त्याले कित्ता म्हणून ऐकलं न, म्हणून तुह्या जिवावर आलं. ल्युथर काय म्हणते, पहिले दान म्हणून घे, मंग कित्ता गिरव. उलटं केलं का मेला माणूस." हे ल्युथरचंच आहे, १५२१-२२ च्या सुमाराचं, शुभवर्तमान कसं वाचावं ते सांगताना तो म्हणतो की ख्रिस्त आधी तुला दिलेला आहे, उदाहरण नंतर. मला हे माहीत होतं. माझ्या तक्त्यात होतं! मामा म्हणाले, "तो तिथं लटकून कोणाची चौथी आज्ञा पाळून राहिला होता? त्याची तर नासरेथलेच पाळून झाली होती. तुही पाळत होता."

तुम्हाला वाटेल इथे मला रडू आलं आणि हलकं वाटलं. नाही. मला राग आला. मी म्हटलं मामा, हे फार स्वस्तात झालं. देवासमोरचं रजिस्टर भरलं, ठीक आहे, भरलं असेल, पण लागलं कोणाला, देवाला का? आईला लागलं. तिच्या गालाचं काय? मी तेव्हा गाल म्हणालो हे मला नंतर लक्षात आलं. मामांच्या लक्षात आलं असावं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, खाली कुठेतरी पाण्याचा टँकर लागला होता त्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "ते मले नाई माहीत." आणि थोड्या वेळाने, "तिचे नखं वाढले हायेत. कापून देत जा."

तर नखं कापायला लागलो. दर रविवारी, उपासनेहून आल्यावर. तिला ते आवडायचं, हात पसरून बसायची. करंगळीचं नख आत वळलेलं, ते शेवटी घ्यायचं. प्रत्येक बोटाला विचारायची. मी म्हणायचो बोट, आई. हे बोट. हे पण बोट. पेंटेकॉस्टच्या (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण) पुढच्या रविवारी प्रभुभोजनाला गेलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही, पात्रता आली म्हणून तर नक्कीच नाही. एवढंच वाटलं की माझं नाणं माझ्याकडे नाही, कधी नव्हतंच, आणि ते जर माशाच्या तोंडात असेल तर घ्यायला गेलंच पाहिजे.

त्यानंतर मी सुधारलो का? हात परत उचलला नाही. आवाज दोनदा चढला, मोजलंय. पण हे प्रेमाने झालं, का मुलगी बघतेय म्हणून झालं, का त्या वरच्या कडीमुळे झालं, मला सांगता येत नाही. १५७७ च्याच कबुलीपत्रात सहावं कलम आहे, विश्वास ठेवणाऱ्यालाही नियमशास्त्राची गरज राहते कारण जुना माणूस, म्हणजे आतला पापी स्वभाव, त्याला चिकटलेला असतो, हट्टी. तक्त्यातला तिसरा रकाना, पट्टी. ते मला तेव्हाही पूर्ण पटलं नव्हतं, आजही कधी पटतं कधी नाही, कारण पट्टी हातात घेतली की माझ्या हातात तिचा लगेच आरसा होतो. आई २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेली. झोपेत. तिच्याकडून माफी मागायची राहिली असं म्हणता येत नाही, मागितली होती, तिने अर्थ विचारला होता.

म्हणून तुमचा प्रश्न मला चुकीच्या टोकाने येतो. तुम्ही विचारता, आता काहीही केलं तर चालतं का, जणू मी अजून काही केलेलं नाही आणि परवानगीची वाट बघत दारात उभा आहे. अहो, मी करून बसलोय. माझा प्रश्न तुमच्या उलटा आहे, की जी आज्ञा मी मोडली ती कोणी तरी, कुठे तरी, एकदा तरी नीट पाळली का, आणि त्या पाळण्यात मला जागा आहे का. शनिवार पाळून दादाला याचं उत्तर मिळत असेल तर मला त्याचा हेवा वाटतो, खरंच, चेष्टा नाही. मी शनिवारी पूर्ण दिवस भोसरीत असतो.

अकाउंट्सचे सर हे वाचून म्हणतील, म्हणजे शेवटी सुटलातच. सर, कोर्टात सुटणं वेगळं आणि घरी येऊन दार उघडणं वेगळं. एवढं मला नक्की माहीत आहे, पुढचं नाही.

मुलगी आता २२ वर्षांची आहे. मागच्या वर्षापासून संडेस्कूलला शिकवते. परवा रात्री वही घेऊन आली आणि म्हणाली, पप्पा, आईबापाचा मान राख, ही पाचवी ना? मी म्हटलं तुमच्या पुस्तकात पाचवी, आजीच्या चौथी. ती म्हणाली हां, ते लाल पेनवालं, आणि हसली. मग वही मिटून जरा वेळ उभी राहिली, मला वाटलं आता विचारणार. विचारलं नाही. पाण्याची बाटली घेतली, दोन्ही कड्या लावल्या, वरची पण, आणि आत गेली. ती विचारेल तेव्हा तिला मासा, नाणं, चलन, १५७७ यातलं काही सांगणार नाही, निदान आधी नाही. तिला सांगायचं ते "हो, गालावर" इथून सुरू करावं लागेल.